पाया अठ्ठ्याऐंशी सालचा

गैबीसाब उस्ताद गवंडी. मी त्यांच्या हाताखाली एकतीस वर्षं बिगारी होतो. सोलापुरात त्यांनी लोकांची किती घरं बांधली ते मोजलेलं नाही. स्वतःचं एकच बांधलं, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागं.

तिथली जमीन काळी. मुरूम लागेपर्यंत खणावं लागलं. साडेपाच फुटांवर मी म्हणालो, बास की. उस्ताद स्वतः खड्ड्यात उतरले, टिकाव घेतला आणि उरलेला अर्धा फूट खणला. ते साल १९८८. सुट्टीच्या दिवशी बांधायचं, पैसे संपले की थांबायचं. चार खोल्या झाल्या, पत्रे आले. स्लॅब पडायला २००६ उजाडलं. उस्तादांच्या पत्नी सरदारबी भाभी प्रत्येक भिंतीला एकवीस दिवस, दोन वेळा पाणी मारायच्या. नळ लांब होता.

आता भाभींचे गुडघे गेले. मुलगी शगुफ्ता बार्शीत. तिच्या शेजारी नवी इमारत झाली, त्यात तळमजल्यावर एक फ्लॅट होता. पायरी एकच. भाभींना भिंतीला धरून बाहेर येता आलं असतं, नातवंडं दिसली असती. उस्तादांनी विसार दिला आणि सोलापूरचं घर विकायला काढलं. टॉवेलच्या कारखान्यातला चन्नवीर घ्यायला तयार झाला, पण कर्ज काढून. बँक म्हणाली, आधी आमचा माणूस घराची किंमत ठरवेल.

आली एक इंजिनिअर मुलगी, प्रियदर्शनी. कामाला चोख. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, खोली न खोली मोजली, फोटो काढले, शेजारच्या जागा काय भावानं गेल्या ते विचारून आली.

"चाचा, काम चांगलं आहे हो."

"वरचं काय बघता बाई, खाली सहा फूट दगड हाय."

"खालचं मला दिसत नाही. न दिसलेलं लिहिता येत नाही." तिनं घरपट्टीचा कागद उलगडला. "आकारणी २००७ ची. म्हणजे घर सतरा वर्षांचं, बरोबर?"

मी उस्तादांना डोळ्यानं खुणावलं. हो म्हणा.

"नक्को," उस्ताद म्हणाले. "तो कागद स्लॅबचा हाय. पाया अठ्ठ्याऐंशीचा. भिंती तवापासनं हायत, माझ्या हातच्या."

तिचं पेन थांबलं. "चाचा, खांब नसलेल्या घराचं आयुष्य आम्ही पन्नास वर्षं धरतो. छत्तीस गेली, चौदा राहिली. बँक तेवढ्याच मुदतीचं कर्ज देईल. घर घेणाऱ्यांनी वीस वर्षांचं मागितलंय."

"पन्नास? तुमचं नातू आलं तरी हलायचं न्हाय हे घर!"

"असेलही. पण तुम्ही सांगितलेलं मला लिहावं लागणार."

अहवालात जागेची किंमत चांगली आली. बांधकामाची, घसारा जाऊन, एका रिक्षाइतकी. चन्नवीरचं कर्ज घटलं, हप्ता वाढला. तो हात जोडून म्हणाला, "चाचा, तीन लाख कमी करा, न्हायतर जमत न्हाय." दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बँकेनंही हेच सांगितलं असतं. विसाराची मुदत भरत आली होती. उस्तादांनी सही केली. तळमजला परवडेना. बिल्डरनं विसार तिसऱ्या मजल्याकडं वळवला. तिथं लिफ्ट नाही.

गेल्या महिन्यात एसटीनं बार्शीला गेलो. भाभी खिडकीशी बसल्या होत्या.

"आलास का कल्लप्पा? तीन महिन्यांनी कुणी नवीन माणूस बघितलं. तुझ्या उस्तादला विचार, खरं बोलायची हौस फिटली का."

मीही म्हणालो, "उस्ताद, गप बसायचं हुतं की. कागद आपल्या बाजूचा हुता."

"मग मधली एकोणीस वर्षं कोण राबलं रे?" उस्ताद चिडले. "तू नव्हतास? सगळं पुसून टाकू?"

भाभी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पानी मी मारलं. मी कुणाला सांगायला गेले?"

मी चहा संपवला, निघालो. उतरताना पायऱ्या मोजल्या. चोपन्न. एकीची उंची दुसरीला मिळत नव्हती. अशा जिन्यावर धडधाकट माणसाचा पायसुद्धा नीट पडत नाही.