‘नाटक’ हा शब्द मागे घेण्याबाबत

अर्जदार : तालुका कचेरीच्या आवारातील अर्जनवीस, म्हणजे मी; शिक्षण सातवीपर्यंत, परंतु ज्याच्या मसुद्यात मोठे साहेबही काना-मात्रा बदलत नाहीत असा. मयत : माझा थोरला भाऊ. गैरअर्जदार : सिंदेवाहीजवळचे आमचे गाव. साल : गडचिरोलीचा जिल्हा वेगळा झाला ते. साक्षीदार : वहिनी, आणि घराचा वासा. नावे लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे लिहिले आहे त्यांना ती ठाऊक आहेत.

भाऊ धानाची शेती करी आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकात राजा होई. शेवटच्या अंकात मरण्याआधी तो उजव्या हाताने तलवार डोक्यावर धरी, तेव्हा गावोगावाहून बैलगाड्यांनी आलेली माणसे उठून उभी राहत.

त्या वर्षी पावसाळ्याआधी घराच्या छपरावरचे कवेलू फेरताना त्याचा पाय घसरला. पडता पडता त्याने उजव्या हाताने वासा धरला आणि सगळ्या देहाचा भार त्या एका खांद्यावर आला. जीव वाचला, हात मात्र छातीपर्यंतही उचलेना. त्या कुशीवर निजता येईना. सदरा वहिनी चढवून देई. तालुक्याला फोटो काढला, हाड साबूत निघाले. गावच्या चोळणाऱ्याने तेल लावून खांदा रगडला, तेव्हा दुखणे अधिकच वाढले.

मंडईची तालीम सुरू झाली. प्रधानाचे काम करणाऱ्या त्याच्या जुन्या सोबत्याने भावाचे मनगट धरून हात वर नेला. हात सरळ कानापर्यंत गेला. सोडला, तसा धपकन खाली पडला.

"पाहा, मी उचलला तं उठते! असं कोनतं दुखनं असते गा?"

"माह्यानं उठत नाई ना बाप्पा. मले काय हौस आहे?"

"राजेसाहेब आता घरी बी नाटक करून राह्यले!"

सगळे हसले. भाऊही हसला.

तेव्हापासून तो शब्द त्याच्या मागे लागला. कापणीला आला नाही, नाटक. विहिरीवर डाव्या हाताने बादली ओढली, तेही नाटक. दुसऱ्या कोणावर गावाने विश्वास ठेवला असता. परंतु ज्याचे खोटे मरण पाहून दरसाल बाया रडत, त्याचे खरे दुखणे कोणास खरे वाटेना. राजाचे काम प्रधानाला मिळाले. पुन्हा तो शब्द ऐकावा लागेल म्हणून भाऊ डॉक्टरचे नावही काढू देईना.

उन्हाळ्यात मी त्याला बळेच नागपूरला नेले. डॉक्टरांनी प्रधानासारखाच हात वर नेला आणि म्हणाले, "आता सावकाश खाली आणा." हात पडला. भावाने मान खाली घातली.

"साहेब, मी नाटक नाई करत."

"कोण म्हणतं नाटक? खांदा आखडला असता, तर मलाही उचलता आला नसता. दुसऱ्यानं नेला तर जातो आणि स्वतःला पेलत नाही, हीच तर खूण. हाडाला धरून ठेवणारी स्नायूची दोरी तुटली आहे. ती फोटोत दिसत नाही."

लवकर आला असता तर शिवता आली असती. आता तिचे टोक आत ओढले गेले होते आणि स्नायू वाळला होता. चोळणे बंद करून व्यायाम तेवढा करावा, असे त्यांनी सांगितले.

त्याच वाशावरून दोरी टाकून, डाव्या हाताने ओढून, भाऊ रोज उजवा हात वर नेई. दुखणे उतरले, घास तोंडापर्यंत जाऊ लागला. तलवारीपर्यंत हात कधीच गेला नाही.

पुढे एका पावसाळ्यात तो तापाने गेला. शेवटची आंघोळ घालताना प्रधानानेच त्याचा उजवा हात धरून वर नेला. हात कानापर्यंत गेला. सोडला, तसा पडला.

वहिनी प्रधानाला म्हणाली, "बोला ना आता, भाऊ. काऊन नाई बोलत?"

सबब विनंती की, गावाने तो एक शब्द मंडईच्या रंगमंचावरून, सर्वांदेखत, मागे घ्यावा. आणि तसे वहिनीस घरी येऊन तोंडी कळवावे, कारण तिला वाचता येत नाही. ती उत्तराची वाट पाहत आहे. मीही.