पडावात मी उभी राहिले तेव्हा

मैत्रिणींनो, बोटीच्या डेकवर बसून हे लिहितेय. मन निवांत आहे.

वर्षभर वडिलांची समजूत काढून मी मुंबईला नर्सिंग शिकायला निघालेय, हे तुम्हाला माहीतच आहे. उद्या सकाळी इस्पितळात हजर व्हायचंय. आज संध्याकाळी रत्नागिरी बंदरात, बोटीपर्यंत नेणाऱ्या वल्ह्यांच्या होडीत, पडावात बसले. बोट नेहमीसारखी लांब, खोल पाण्यात उभी होती. आम्ही निम्म्या वाटेवर असतानाच तिचा सुटण्याचा भोंगा झाला.

माझा धीर सुटला. "जोरात वल्हवा हो," म्हणत मी उभीच राहिले. पडाव एकदम कलला आणि शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरचं तान्हं मूल घसरलं. मी कसंबसं त्याचं अंगडं धरलं, तिनं त्याला ओढून घेतलं.

आता ही बाई मला बोलणार, असं वाटलं. पण ती म्हणाली, "बस गो बाय. मला पण नवऱ्याकडे जायचाय त्याच बोटीनं. बसून पण पोचू."

मी बसले. मूल माझ्या मांडीवर घेतलं. पुन्हा भोंगा झाला, तरी हलले नाही. मुंबईची ओढ तेवढीच होती, छातीतली धडधड मात्र कमी झाली होती.

बोट आमच्यासाठी थांबली. आधी मूल वर दिलं, मग आम्ही दोघी शिडी चढलो.

इतके दिवस मला वाटायचं, जिवाची तगमग थांबली की इच्छाही मरेल. तुम्हालाही असंच वाटतं का?