लहान पुली

माझ्या घरी एक शाल आहे. जवळा बाजार गावाजवळच्या सोयाबीन साफ करायच्या कारखान्यात मालकांनी ती माझ्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि चार लोकांसमोर सांगितलं, की या माणसानं मशीन तेच ठेवून वीज वाचवली. मी केवढा फुगलो होतो! आता ती शाल दिसली की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी तिथला इलेक्ट्रिशियन. मशीनचं काम साधं. चाळण्या हलतात, सोयाबीनमधले खडे आणि काड्या वेगळ्या होतात, आणि एक मोठा पंखा पत्र्याच्या नळ्यांमधून भुसा, धूळ ओढून बाहेर फेकतो. सगळ्यात जास्त वीज हा पंखाच खायचा. त्याचा वेग थोडासा उतरवला तरी वीज पुष्कळ उतरते, हे मला ठाऊक होतं. म्हणून एका दुपारी सगळं बंद करून मी मोटरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, काढली आणि पंखा हळू फिरावा म्हणून तिथं लहान पुली बसवली. पट्टा चढवायला एकट्याचे हात पुरेनात. माझी अक्का तिथंच पोती भरून शिवायच्या कामाला होती. मीच तिला लावून दिलं होतं. ती उठून आली आणि तिनं पुली हातानं फिरवून दिली. पट्टा बसला.

मशीन सुरू झालं. खाली पडणारा माल मी ओंजळीत घेऊन पाहिला, पहिल्याइतकाच स्वच्छ होता. मीटरचा आकडा सावकाश सरकत होता. याहून आणखी काय बघायचं असतं, असं मला वाटलं. एवढीच माझी अक्कल.

माल स्वच्छ होता, पण जी बारीक धूळ पंखा आधी ओढून न्यायचा ती आता शेडमध्येच घुटमळू लागली, आणि पोती भरायच्या जागी तर फारच. बायका तोंडाला पदर बांधून बसायच्या. हंगामात धूळ असायचीच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. उलट कळमनुरीच्या एका डाळ मिलवाल्यानं बोलावलं, तर मोठ्या ऐटीत तिथंही लहान पुली बसवून आलो.

दुसऱ्या हंगामात अक्काचा खोकला काही केल्या थांबेना. तिला हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काम काय करता? अक्का म्हणाली, "घरीच असते." मी शेजारीच बसलो होतो. बाहेर आल्यावर भडकलो.

"डॉक्टरला खोटं काहून सांगितलं?"

"मंग काय सांगू? माझ्या भावानं पंखा हळू केला, तवापासून छातीत धूळ बसून राहिली, असं सांगू?"

"मला तरी सांगायचं."

"समदे तुझं नाव काढून राहिले होते. मी कोन्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो आणि जुनी पुली परत लावू द्या म्हणालो. त्यांनी विचारलं, "मालात काही फरक पडला का?"

"न्हाई."

"मंग? शाल तुमीच घेतली ना साहेब?"

मी चडफडत नळ्यांवर चढलो. आधी कधी चढलो नव्हतो. नळ्यांच्या जोडांवरचं कापड जागोजाग फाटलेलं. एका जोडाजवळ बिडी धरली तर धूर सरळ भोकातून आत गेला. पंखा पोत्यांजवळची धूळ ओढतच नव्हता. छताखालची चांगली हवा ओढत बसला होता. कारखाना बंद असायच्या दिवशी मी ताडपत्रीचे तुकडे करून सगळे जोड बांधले, आणि जिथं पोती भरतात तिथं नळीच्या तोंडाला उपड्या नरसाळ्यासारखं पत्र्याचं एक टोपण लावून खाली आणलं. एका दिवसाचं काम. पुली तीच लहान, वीज तेवढीच कमी, आणि धूळ खाली बसायच्या आत उचलली जाऊ लागली. कळमनुरीलाही जाऊन तसंच करून आलो. या वेळी शाल कुणी दिली नाही. दिली असती तर मी तिथंच फेकली असती.

तोवर अक्कानं काम सोडलं होतं. हापशावरून घागर आणताना ती दोनदा खाली टेकवते. कळमनुरीहून आलो त्या संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि जोड, ताडपत्री, टोपण, सगळं हातवारे करून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"आता धूळ न्हाई?"

"न्हाई."

"मंग हे पयलेच काहून न्हाई केलं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पोत्यांकडं धूळ होते, हे मी बघितलंच न्हाई अक्का," मी म्हणालो.

"मी तं तिथंच बसत होते," ती म्हणाली.