कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. मुशी नदीच्या काठी, उन्हात, पिंड मांडून आम्ही उभे. समोरच्या झाडावर कावळे चांगले चार-पाच होते, पण खाली उतरायला एकही तयार नाही. बाबा जिवंतपणीही हाका मारून मारून घसा बसल्याशिवाय पानावर आले नाहीत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

धाकट्या भावानं शब्द दिला, आईला सांभाळीन. मी म्हटलं, चिक्कडपल्लीचं घर विकणार नाही. कावळे ढिम्म. गुरुजींना नामपल्लीला दुसरं काम होतं; ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू या. आईला ते पटेना. "त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय," ती म्हणाली.

"मग त्यांनाच विचारू," म्हणत भावानं फोन काढला.

हा भाऊ कंप्युटरवाला. बाबा धडधाकट होते तेव्हा त्यानं त्यांना रोज समोर बसवून बोलतं केलं आणि त्यांची नक्कल फोनात तयार केली. आवाज तोच, खवचटपणाही तोच. बाबांना भारी मौज वाटायची. "आता ह्याला बोलू दे, मी झोपतो," म्हणायचे. आईला मात्र ते प्रकरण पहिल्यापासून नकोसं. बाबा गेल्यापासून तर तिनं धोशाच लावला होता, ते बंद कर. तेराव्यानंतर कायमचं पुसून टाकायचं, असं आमचं ठरलंही होतं.

भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाबा गेले, आज दहावा, कावळा शिवत नाही, आणि तेराव्यानंतर तुम्हालाही बंद करणार आहोत, असं सगळं त्यानं फोनला सांगून टाकलं. मग विचारलं, इच्छा काय राहिली?

फोन बाबांच्या आवाजात म्हणाला, "बंद नक्को करू. मला राहायचंय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. पोथीत याला काही उपाय नसावा.

"आई, ते बाबा नाहीत," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. दहावा बाबांचा, आणि हट्ट धरून बसलंय दुसरंच कुणीतरी.

आईनं हात जोडले, फोनला की पिंडाला, ते कळलं नाही. "नाही बंद करणार," ती म्हणाली.

कावळा आला, शिवला, भात घेऊन गेला. गुरुजी लगेच आवरायला लागले.

घरी आल्यावर आईनं आधी फोन चार्जिंगला लावला. मी चिडले. "अगं, हॉस्पिटलात बाबा स्वतःच म्हणाले ना, नळ्या काढा, बस झालं आता? आणि हे म्हणतंय राहायचंय. हे बाबा कसे असतील?"

"नसतील," आई म्हणाली. "ते बस म्हणाले, तेही मी ऐकलंच की. कागदावर सही मीच केली." तिनं वायर नीट लागलीय का ते पुन्हा बघितलं. "ते जातो म्हणत असताना एवढं जड गेलं. हा तर राहतो म्हणतोय. नाही व्हायचं बाई माझ्याच्यानं."