नोईताईच्या आईचं कापड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मंदारला, माझ्या नवऱ्याला, अर्धंच माहीत आहे. आईला सगळं कळलं, पण ते मी सांगितल्यामुळे नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण बघा ना, अजून मुद्द्यावर येत नाहीये.

आधी नोईताईबद्दल सांगते, कारण तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं.

२००५ साल असेल. आम्ही हॉलंडमध्ये, कापेल आन डेन आयसेलला एका लांबलचक गॅलरीच्या इमारतीत राहत होतो. मंदार पुण्याहून प्रोजेक्टवर आलेला, आणि मी त्याच्या व्हिसाला लोंबकळत. शेजारच्या दारात नोई. लाओसच्या उत्तरेकडच्या डोंगरातली, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिचा डच नवरा वारला होता, मुलगी लांब ग्रोनिंगनला शिकायला. आमची भाषा म्हणजे मोडकं डच. तिचं नवऱ्याकडून शिकलेलं, माझं महापालिकेच्या वर्गातलं. मी तिला पहिल्या आठवड्यातच ‘ताई’ करून टाकलं. तिला वाटायचं ते माझं लाडाचं काहीतरी आहे. तसं होतंच की.

रेवा झाली तेव्हा माझी आई व्हिसामुळे येऊ शकली नाही. बाळंतपणाला सरकारी पद्धतीप्रमाणे आठवडाभर एक डच बाई आली, टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या पेरून खायला घालून गेली. त्यानंतर माझं जे काही केलं ते नोईताईने. आल्याचं पाणी, बांबूच्या टोपलीतला चिकट भात, आणि एक कापड.

ते कापड तिच्या आईने विणलेलं होतं. लांब, लाखेच्या रंगाचं गडद लाल, त्यावर पिवळ्या-हिरव्या रेशमाचे नाग. आम्ही नाग म्हणतो, ते नाक म्हणतात, म्हणजे नात्यातलेच निघालो! त्यांचं घर खांबांवर उभं, माग त्याच्या खाली. तिची आई कापडाची उलटी बाजू वर ठेवून विणायची, सुलट बाजू खाली आरशात बघायची. हे सांगताना नोईताई हातांनी हवेत विणून दाखवायची. मग तिने ते माझ्या खांद्यावरून आडवं टाकलं, गाठ मारली आणि रेवाला आत सरकवलं. पोरगी अख्खा हिवाळा त्यात झोपली. नागाच्या पोटात पोराला काही होत नाही म्हणे.

आता येते हं. येतेच.

प्रत्येक मराठी घरात देण्याघेण्याचा एक कप्पा असतो, माझाही होता. आलेले ब्लाउजपीस, न नेसलेल्या साड्या, पुढच्या हळदीकुंकवाला, पुढच्या ओटीला. कुणी दिलेलं पुढे द्यायचं, यात आपल्याला कधी काही वाटलं आहे का? रेवा चालायला लागली, तसं मी ते कापड धुऊन, घडी घालून त्याच कप्प्यात ठेवलं. माझा हात आपसूक तिकडे गेला. पण पुढचं आपसूक नव्हतं.

मंदारच्या साहेबांच्या बायकोचं डोहाळजेवण होतं, ॲमस्टरडॅमला. मोठी माणसं. कप्पा उघडला तर उरलेले दोन ब्लाउजपीस आणि ते. त्यांना ब्लाउजपीस कसा द्यायचा? मी ते उचललं. खरं सांगू? त्याला जर नव्हती. पैठणीच्या मुलखातली मी, जर नाही म्हणजे मला ते साधंच वाटलं. वर नारळ ठेवला, तांदूळ घातले, ओटी भरली. साहेबीणबाई म्हणाल्या, किती वेगळं आहे गं! मी खूश. पुढे दोन महिन्यांत ते लोक सिंगापूरला गेले. त्यांनीही ते पुढे कुणाला दिलंच असणार.

त्या वसंतात नोईताईची आई तिकडे गावी वारली. ताईला जाता आलं नाही. ती माझ्या दारात आली, डोळे सुजलेले, आणि एवढंच म्हणाली की ते कापड जरा हातात घेऊन बसू दे.

काय सांगणार होते मी? की ओटीत दिलं? सिंगापूरला फोन करून भरलेली ओटी परत मागता आली असती. लाज वाटली असती, पण मागता आली असती. मी म्हणाले, पुण्याला पाठवलंय, माझ्या आईकडे. एवढ्यावर थांबले नाही मी. आईने ते देवघरात ठेवलंय, असंही म्हणाले. नोईताईने हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की क्षणभर मलाच आपण काही चांगलं केल्यासारखं वाटलं. किती नीच, नाही?

उन्हाळ्यात माझी आई आली. एका दुपारी नोईताई त्यांच्याकडची कोरी लुंगी नेसून, केस बांधून आमच्याकडे आली. आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने पिशवीतून एक कापड काढलं. तसंच लाल, तेच नाग.

एका ताण्यावर दोन विणतात, तिने सांगितलं. तिच्या आईने मधले धागे कापून दोन वेगळी केली होती, दोन्ही लेकीबरोबर दिली होती. एक मी तुला दिलं, एक माझ्याकडे राहिलं. आता आई नाही. पुण्याला देवापाशी एक आहेच, तर हेही तिथेच असू दे, दोघी बहिणी एकत्र राहतील.

हे सगळं डचमधलं मी आईला मराठीत सांगायचं होतं. मधे मीच होते, कळतंय ना? एक वाक्य खरं बोलले असते तर ते कापड त्या पिशवीत परत गेलं असतं. मी भाषांतर केलं, देवघरासकट. आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिने दोन्ही हात पुढे केले, कापड घेतलं, कपाळाला लावलं आणि नोईताईला उठवून जवळ घेतलं. माझी अब्रू राखली तिने.

दार लागल्यावर म्हणाली, “आत्ताच्या आत्ता जा आणि परत देऊन ये.”

मी गेले नाही. उद्या, म्हणाले. आईने ते पुण्याला न्यायला साफ नकार दिला, आणि त्यानंतर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. वारली तोवर काढलं नाही.

आम्ही पुढे पुण्याला परतलो. कापड माझ्या कपाटात आहे. चांगलं जपलंय, कडुलिंबाचा पाला घालून. परत पाठवणं अवघड नाही, कधीच नव्हतं. नोईताई आता लेकीपाशी ग्रोनिंगनला असते, गुडघे दुखतात म्हणते. तिच्यापाशी तिच्या आईच्या हातचं काहीही नाही.

दर एप्रिलमध्ये, त्यांच्या नव्या वर्षाला, तिचा फोन येतो. रेवाची चौकशी करते, मला आंबे आले का विचारते, हसवते. आणि ठेवता ठेवता विचारते, दोघी एकत्र आहेत ना?

मी हो म्हणते.