समोरच्या टेबलावरची आणि तिच्या तिघी

जर्मनीत, येना शहरातल्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये चार चिनी बायका होत्या आणि मला चौघीही आवडत नसत. त्यातली एक माझ्याच खोलीत, समोरच्या टेबलावर बसायची. सकाळी 'मॉर्गेन' म्हटलं की आमचं बोलणं संपायचं. दुपारी बाकीच्या तिघी डबे घेऊन तिच्याकडे यायच्या आणि खोलीभर चिनी बोलणं सुरू व्हायचं. मला कुणी 'बस' म्हणायचं नाही.

त्या वर्षी माझ्या घरमालकाला मुलीसाठी घर हवं झालं. तीन महिन्यांची मुदत मिळाली. मी घरं बघत, अर्ज भरत सुटले, उत्तरंच येईनात. आमच्या मराठी ग्रुपवर लिहिलं, तर हात जोडलेली आठ चित्रं आणि 'ऑल द बेस्ट ताई' आलं.

मग कळलं, समोरची आपलं नदीकाठचं घर सोडतेय. तिच्या घरमालकाने नाखमीटर, म्हणजे पुढचा भाडेकरू, तिलाच सुचवायला सांगितलं होतं. तिने चीनहून येणाऱ्या एका मुलीचं नाव दिलं. त्या मुलीला ती कधी भेटलीही नव्हती.

"मी घर शोधतेय हे तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग?"

तिने लॅपटॉप मिटला. "मी आले तेव्हा या तिघी स्टेशनवर होत्या. माझं ऑपरेशन झालं तेव्हा यांच्यातली एक दोन आठवडे माझ्या मुलीला पाळणाघरातून घरी आणत होती. तू सगळ्यांबरोबर 'लवकर बरी हो'च्या कार्डावर सही केलीस."

"घर मिळावं म्हणून मी तुझी सेवा करायला हवी होती का?"

"नाही. पण आता काही मागू नकोस."

ती खरं बोलत होती, म्हणून मला तिचा जास्तच राग आला. मला शेवटी शहराच्या टोकाला, लोबेडात, आठव्या मजल्यावर घर मिळालं. सामान मी भाड्याच्या माणसांकडून हलवलं.

महिन्याभराने चीनहून आलेली ती नवी मुलगी आमच्या खोलीत आली. समोरची जागेवर नव्हती. राहण्याची नोंदणी, आनमेल्डुंग, कुठे करायची, असं तिने हसून मला विचारलं. ते ऑफिस दोन चौक पलीकडे होतं.

"तुमच्या ग्रुपला विचार," मी म्हणाले.

तिला तो सल्लाच वाटला. थँक्यू म्हणून तिने तिथेच फोन काढला. मिनिटभरात उत्तर आलं, आणि ती गेली.