तपासणीच्या दिवशीचं हृदय

साऱ्या भोपाळात वेळेवरून माणसाचा जीव खाणारा आमच्या साडूंसारखा दुसरा सापडायचा नाही. पिपलानीच्या कारखान्यात टर्बाइन तपासण्यात जन्म गेला, निवृत्त होऊन अवधपुरीत घर बांधलं, पण तपासणी काही सुटली नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर ते मोजतात. मी स्कूटर सुरू केली की मान तिरकी करून ऐकतात आणि म्हणतात, "टायमिंग गडबड आहे तुमचं."

नेमक्या अशा माणसाच्या हृदयाच्या दोन बाजू मागेपुढे धडधडू लागाव्यात! दोन्ही बाजूंना सोबत चालवणारा पेसमेकर बसवला, तेव्हा मला वाटलं, आता तरी सुटलो. कुठलं काय! कोणत्या बाजूला किती मिलिसेकंद आधी इशारा द्यायचा, हे डॉक्टर पडद्यावर हृदय बघून ठरवतात, हे कळल्यावर स्वारी डॉक्टरांनाच शिकवायला बसली. "साब, बीस कम करके देखो," असं ते खुशाल सांगत आणि मी शरमेने छताकडे बघत असे.

त्यातून दर वेळी आकडे उत्तम यायचे आणि घरी आलं की चार पायऱ्यांत धाप. डॉक्टर चक्रावले. कारण मला ठाऊक होतं. तपासणीआधी दोन दिवस हे गृहस्थ पलंगावरून उतरत नसत. जेवणसुद्धा तिथेच. "इन्स्पेक्शनला मशीन थंड, चकाचक पाहिजे!" म्हणजे डॉक्टर बिचारे आराम करणाऱ्या हृदयाचं टायमिंग लावत होते! मी भांडलो, हात जोडले. उपयोग शून्य.

परवा मात्र दवाखान्याच्या फाटकापासून दारापर्यंत ते तीनदा थांबले. माझा संताप अनावर झाला आणि डॉक्टरांसमोर मी सगळं ओकून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "अंकल, पहले बाहर बरामदे में दो चक्कर लगाकर आइए. फिर सेट करेंगे." साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी फितूर झालो होतो.

बरामद्यात मी चिडूनच विचारलं, "कशाला लपवता हो?"

ते भिंतीला टेकले. "खराब रीडिंग आलं ना, की मशीन भंगारात काढतात. मी स्वतः काढली आहेत."

एवढं बोलायलाही त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस ज्याला मी हट्टी समजत होतो, तो माणूस नुसता भ्यालेला होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कैसा लग रहा है?"

'फर्स्ट क्लास' अगदी साडूंच्या ओठांवर आलं होतं. मग माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "साब, साँस फूलती है. लिख लीजिए."